परकीय चलन साठ्यावर अचानक ताण येतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठ्याचा आकडा सलग दोन-तीन आठवडे घसरला की तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. त्यातले सर्वाधिक वेळा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. निर्यात कशी वाढवावी, उद्योग कसे उभारावेत हे लांब पल्ल्याचे विषय मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. इथे बोलायचं आहे ते काही दिवसांपासून साधारण वर्षभरापर्यंतच्या ताणाबद्दल. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. परकीय चलन साठा म्हणजे नेमकं काय? तो कुठे ठेवलेला असतो?

देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या ताब्यातली, हवी तेव्हा वापरता येईल अशी परदेशी मालमत्ता म्हणजे परकीय चलन साठा, अर्थात गंगाजळी. त्यात चार गोष्टी मोजतात: परकीय चलनातली मालमत्ता, सोनं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे विशेष आहरण हक्क म्हणजे एसडीआर (निधीने सदस्य देशांना वाटलेली, गरजेला चलनात बदलता येणारी मालमत्ता), आणि नाणेनिधीकडची राखीव हिस्सेदारी. एसडीआरचं मूल्य डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड या पाच चलनांवरून ठरतं. युआन त्यात ऑक्टोबर २०१६ मध्ये आला.

अनेकांच्या डोळ्यांसमोर नोटांनी भरलेली तिजोरी येते. प्रत्यक्षात यातला बहुतेक पैसा परदेशी सरकारांच्या रोख्यांत, इतर मध्यवर्ती बँकांकडच्या खात्यांत आणि मोठ्या बँकांतल्या ठेवींत असतो. म्हणजे तो मुळातच देशाबाहेर असतो आणि कागदावर किंवा संगणकातल्या नोंदींत असतो. हे लक्षात ठेवा, प्रश्न १२ मध्ये त्याचं महत्त्व कळेल.

२. इतका पैसा पडून आहे, तर सरकार त्यातून रस्ते आणि धरणं का बांधत नाही?

कारण तो पडून नाही, एकदा खर्च झालेला आहे. निर्यातदाराने किंवा गुंतवणूकदाराने आणलेला डॉलर मध्यवर्ती बँकेने विकत घेतला तेव्हा त्याबदल्यात देशी चलन दिलं, आणि ते चलन अर्थव्यवस्थेत फिरतं आहे. त्याच डॉलरवर आता देशात रस्ता बांधायचा तर पुन्हा देशी चलन छापावं लागेल. परदेशातून यंत्रं आणायची असतील तर डॉलर कामी येतील हे खरं, पण मग अडीअडचणीला हाताशी काही उरणार नाही.

३. अल्पमुदतीचा ताण कशाकशातून येतो?

मुख्यतः सहा वाटांनी: आयातीची बिलं (बहुतेक देशांत त्यात तेल सर्वांत मोठं), येत्या वर्षभरात फेडायचं परदेशी कर्ज, शेअर आणि रोखे विकून निघणारे परदेशी गुंतवणूकदार, परदेशस्थ नागरिकांनी काढून घेतलेल्या ठेवी, देशातल्याच लोकांनी बाहेर नेलेला पैसा, आणि मध्यवर्ती बँकेने स्वतः पुढच्या तारखेला डॉलर देण्याचे केलेले करार.

सहाव्या वाटेकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि सर्वांत मोठे अपघात तिथेच होतात (प्रश्न ८).

भारताचं १९९०-९१ हे एकाच वेळी अनेक वाटा उघडल्याचं उदाहरण आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केलं आणि तेल महागलं. आखातातून येणारा पैसा अडला, पतमानांकन घसरलं, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली आणि परदेशी बँकांनी अल्पमुदतीची कर्जं पुढे चालू ठेवायला नकार दिला. यातलं एखादंच घडलं असतं तर निभावलं असतं.

४. व्यापारातली तूट तर वर्षानुवर्षं असते. मग साठा काही आठवड्यांत का आटतो?

माझ्या मते या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. तूट हळूहळू साठते, पण माणसं आपले निर्णय एकाच दिवशी बदलतात.

एका आयातदाराचं उदाहरण घ्या. त्याला साठ दिवसांनी दहा लाख डॉलर द्यायचे आहेत. एरवी तो शेवटच्या आठवड्यात डॉलर घेतो, कारण आधी घेऊन पैसा अडकवण्यात अर्थ नसतो. आता चलन पडणार अशी कुजबुज त्याच्या कानावर आली. तो बँकेत फोन करून म्हणतो, ‘आजच घेऊन टाका.’ तिकडे एका निर्यातदाराचे डॉलर परदेशी खात्यात जमा झाले आहेत. एरवी तो दुसऱ्याच दिवशी मोडून पगार भागवतो. आता तो म्हणतो, ‘पंधरा दिवस थांबू, दर वाढेल.’ दोघांपैकी कुणीही गैर वागलेलं नाही, आणि दोघेही सट्टेबाज नाहीत. पण बाजारात साठ दिवसांची मागणी आज आली आणि आजचा पुरवठा पंधरा दिवसांनी मागे गेला. हेच हजारो कंपन्यांनी केलं की एकही जादा वस्तू आयात न होता साठ्यातून अब्जावधी डॉलर जातात.

अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९७९ मध्ये मांडलेलं प्रतिमान याचंच आहे. चलनाचा दर डॉलरसारख्या दुसऱ्या चलनाशी बांधून ठेवलेल्या देशाचा साठा शून्याकडे सावकाश सरकत जात नाही. तो पुरणार नाही हे लोकांना कळलं की उरलेला साठा एका झटक्यात ओढला जातो, कारण रांगेत शेवटी उभं राहायची कुणाचीच तयारी नसते.

मेक्सिकोत १९९४ च्या फेब्रुवारीत सुमारे २९ अब्ज डॉलरचा साठा होता, वर्षअखेरीस तो सुमारे ६ अब्जांवर आला. त्या वर्षी सरकारने पेसोतले रोखे बदलून डॉलरशी बांधलेले अल्पमुदतीचे ‘तेसोबोनो’ रोखे मोठ्या प्रमाणात विकले होते. डिसेंबरमध्ये पेसोचा बांधलेला दर सोडून द्यावा लागला तेव्हा या रोख्यांचं देणं उरलेल्या साठ्याच्या कितीतरी पट होतं.

५. ‘मध्यवर्ती बँकेने डॉलर विकले’ म्हणजे प्रत्यक्षात काय होतं?

बँकेच्या डीलिंग रूममधून काही निवडक बँकांना विक्रीचा भाव दिला जातो. बऱ्याचदा सरकारी मालकीच्या बँका मध्यवर्ती बँकेच्या वतीने विकतात, त्यामुळे विक्रेता कोण हे बाजाराला लगेच कळत नाही. सौदा आज ठरला तरी हाजिर बाजारातली, म्हणजे चालू भावाने होणाऱ्या ताबडतोबीच्या सौद्यांची देवाणघेवाण सहसा दोन कामकाजाच्या दिवसांनी पूर्ण होते. त्या दिवशी मध्यवर्ती बँकेच्या परदेशातल्या खात्यातून डॉलर जातात आणि खरेदी करणाऱ्या बँकेच्या खात्यातून देशी चलन कापलं जातं.

हे कापलं जाणं महत्त्वाचं आहे. डॉलर विकले की देशातली रोकड आटते, बँकांना एकमेकांकडून पैसा महाग मिळतो आणि कर्जं महागतात. ते टाळायला मध्यवर्ती बँक रोखे खरेदी करून रोकड पुन्हा सोडते. पण सोडलेली रोकड पुन्हा डॉलर घ्यायला धावू शकते, म्हणून ही भरपाई किती करायची हा रोज नव्याने घ्यायचा कठीण निर्णय असतो.

६. या आठवड्यात साठा पाच अब्जांनी घटला. म्हणजे बँकेने पाच अब्ज डॉलर विकले ना?

नाही, तसं थेट म्हणता येत नाही. साठा डॉलरमध्ये मोजतात, पण त्यात युरो, येन, पौंड आणि सोनंही असतं. समजा ५०० अब्जांच्या साठ्यात १०० अब्जांची मालमत्ता डॉलरेतर चलनांत आहे. डॉलर या चलनांसमोर ३ टक्के वधारला तर काहीही न विकता साठा ३ अब्जांनी कमी दिसेल. परदेशी रोख्यांचे भाव पडले तरी हेच होतं.

२०२२ मध्ये अमेरिकेने झपाट्याने व्याजदर वाढवले तेव्हा डॉलर चढला आणि रोखेही पडले. भारताचा साठा त्या काळात बराच खाली आला. त्यातली सुमारे ६७ टक्के घट मूल्यांकनामुळे आहे, असं रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं होतं. उलटही घडतं: सोनं महागलं की विक्री चालू असतानाही साठा फुगलेला दिसतो. म्हणून एका आठवड्याच्या आकड्यावरून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका.

७. किती साठा असला म्हणजे पुरेसा?

एकच आकडा नाही, काही कसोट्या आहेत.

सर्वांत जुनी म्हणजे तीन महिन्यांच्या आयातीइतका साठा. भांडवल फारसं ये-जा करत नव्हतं त्या काळात ती चांगली होती. १९९० च्या दशकातल्या संकटांनंतर ती अपुरी ठरली, कारण पळाला तो आयातीचा पैसा नव्हता, कर्जाचा होता. त्यातून ग्रीनस्पॅन-गिडोटी नियम आला: पुढच्या बारा महिन्यांत फेडायच्या सगळ्या परदेशी कर्जाइतका साठा हवा. इथे मूळ मुदत पाहायची नाही, उरलेली मुदत पाहायची. दहा वर्षांपूर्वी घेतलेलं कर्ज येत्या मार्चमध्ये फेडायचं असेल तर ते आज अल्पमुदतीचंच आहे. हा बारकावा बातम्यांत नेहमी सुटतो.

नाणेनिधीचं मापन या सगळ्यांचं मिश्रण करतं. चलन तरतं असलेल्या, म्हणजे दर बाजारावर सोडलेल्या देशासाठी निर्यात उत्पन्नाचे ५ टक्के, व्यापक चलनपुरवठ्याचे ५ टक्के, अल्पमुदतीच्या कर्जाचे ३० टक्के आणि इतर परदेशी देण्यांचे १५ टक्के यांची बेरीज करायची. साठा या बेरजेच्या १०० ते १५० टक्क्यांत असेल तर तो पुरेसा मानतात. दर बांधलेल्या देशांसाठी निकष अधिक कडक आहेत.

८. आकडा मोठा असूनही देश अडचणीत कसे येतात?

कारण जाहीर होतो तो एकूण साठा, आणि बिल भागवायला लागतो तो वापरता येण्याजोगा साठा. या दोहोंत किती फरक पडू शकतो ते तीन देशांनी दाखवलं.

थायलंडचा जाहीर साठा १९९७ च्या मध्यात ३० अब्ज डॉलरच्या वर होता. पण बाट वाचवण्यासाठी मध्यवर्ती बँकेने २३ अब्जांहून अधिक डॉलर पुढच्या तारखांना देण्याचे करार केले होते. अशा फॉरवर्ड करारात आज साठ्यातून काहीच जात नाही, त्यामुळे आकडा शाबूत दिसतो. २ जुलै १९९७ ला बाटचा बांधलेला दर सोडून द्यावा लागला.

दक्षिण कोरियात त्याच वर्षी मध्यवर्ती बँकेने साठ्याचा मोठा भाग कोरियन बँकांच्याच परदेशी शाखांत ठेव म्हणून ठेवला होता. त्या शाखांनी तो आपली कर्जं फेडण्यात वापरला. ताळेबंदात डॉलर होते, पण परत मागितले असते तर बँकाच बुडाल्या असत्या.

श्रीलंकेकडे मार्च २०२२ अखेरीस कागदावर सुमारे १.९ अब्ज डॉलर होते. त्यातले सुमारे दीड अब्ज चीनसोबतच्या युआन स्वॅपचे (स्वॅप म्हणजे ठरलेल्या तारखेला परत करायच्या बोलीवर चलनांची अदलाबदल), जे वापरण्यावर अटी होत्या. १२ एप्रिलला देशाने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. मे महिन्यात तिथल्या ऊर्जामंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की पेट्रोलचं एक जहाज मार्च अखेरीपासून किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभं आहे आणि पैसे द्यायला डॉलर नाहीत. त्याच जहाजाच्या आधीच्या खेपेचे ५.३ कोटी डॉलरही थकले होते. अब्जांच्या तक्त्यांचा शेवट असा एका जहाजापाशी आणि पंपांवरच्या रांगांत होतो. म्हणूनच हा विषय फक्त तज्ज्ञांवर सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

आशियाई संकटानंतर नाणेनिधीने साठ्याचा एक ठरावीक तक्ता आणला. त्यात फॉरवर्ड देणी आणि वर्षभरातल्या संभाव्य देण्या-घेण्यांची माहिती द्यावी लागते. एखाद्या देशाची खरी स्थिती पाहायची तर ठळक आकडा सोडून हा तक्ता उघडा.

९. अशा वेळी सोनं कामाला येतं का?

येतं, पण ते कुठे ठेवलं आहे यावर बरंच अवलंबून असतं. लंडनमध्ये ठेवलेलं सोनं तिथल्या तिथे गहाण टाकता येतं. देशातल्या तिजोरीतलं आधी तिथवर पोहोचवावं लागतं. भारताने १९९१ मध्ये दोन टप्प्यांत हे केलं. आधी सरकारकडचं २० टन सोनं पुनर्खरेदीच्या अटीवर विकलं, मग जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून ४० कोटी डॉलरच्या आसपास उभे केले. रक्कम मोठी नव्हती, पण त्यातून आठवडे मिळाले, आणि त्या वेळी हवे होते ते आठवडेच.

१०. व्याजदर वाढवले की पैसा थांबतो का?

सुरुवातीच्या टप्प्यात बऱ्याचदा थांबतो. घबराट पसरल्यावर मात्र नाही. चलन महिन्याभरात १० टक्के पडेल असं वाटणाऱ्याला वार्षिक १५ टक्के व्याजाचं आकर्षण नसतं, कारण महिन्याला ते सव्वा टक्काच होतं.

१६ सप्टेंबर १९९२ ला ब्रिटनने सकाळी दर १० वरून १२ टक्के केला, दुपारी १५ टक्के करणार असं जाहीर केलं आणि संध्याकाळी युरोपीय विनिमय दर यंत्रणेतून, म्हणजे युरोपीय चलनांचे दर एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेतून, बाहेर पडला. त्याच दिवशी स्वीडनने अल्पमुदतीचा दर ५०० टक्क्यांवर नेला. त्यातून दोन महिने मिळाले. नोव्हेंबरमध्ये तिथल्या क्रोनाचा बांधलेला दरही सोडावा लागला.

११. डॉलर बाहेर न्यायला बंदीच घातली तर?

बंदीचे प्रकार वेगळे आणि परिणामही वेगळे.

आयातीचं पतपत्र म्हणजे एलसी (विक्रेत्याला पैसे मिळतील अशी बँकेची लेखी हमी) उघडायला परवानगी सक्तीची करणं हा सर्वांत सोपा उपाय, आणि सर्वांत लवकर अंगाशी येणारा. पाकिस्तानात २०२३ च्या सुरुवातीला मध्यवर्ती बँकेचा साठा ३ अब्ज डॉलरच्या खाली गेला होता. एलसी न उघडल्यामुळे कराची बंदरात हजारो कंटेनर अडकले. कच्चा माल थांबला की कारखाने थांबतात, मग निर्यात घटते, म्हणजे येणारा डॉलरही कमी होतो.

मलेशियाने १ सप्टेंबर १९९८ ला दुसरी वाट घेतली. रिंगिट डॉलरला ३.८० वर बांधला, देशाबाहेरचा रिंगिटचा व्यापार बंद केला आणि शेअर बाजारातला परदेशी पैसा वर्षभर अडकवला. व्यापारासाठीचे व्यवहार मात्र मोकळे ठेवले. काही महिन्यांतच ही वर्षभराची अट सैल करून तिच्या जागी बाहेर जाताना कर लावला. यावर अर्थतज्ज्ञांत आजही दोन मतं आहेत. माझं मत असं, की भांडवल अडवणं आणि माल अडवणं या गोष्टींची सरमिसळ करू नये. पहिल्यातून श्वास घ्यायला वेळ मिळू शकतो, दुसऱ्याने श्वासच कोंडतो.

बंदीचं यश मोजायचं असेल तर अधिकृत दर आणि काळ्या बाजारातला दर यांतली तफावत पाहा. ती वाढत गेली की परदेशस्थ कुटुंबीय बँकेऐवजी हवालाने पैसे पाठवू लागतात आणि साठ्यात डॉलर येण्याची आणखी एक वाट बंद होते.

१२. साठा आहे, पण वापरताच आला नाही असं होऊ शकतं का?

हो. प्रश्न १ मध्ये म्हटल्याप्रमाणे साठा बहुतांशी परदेशी संस्थांकडच्या नोंदींत असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाच्या सुमारे ६३० अब्ज डॉलरच्या साठ्यापैकी ३०० अब्जांच्या आसपासची रक्कम गोठवली गेली. रशियाने लगेच व्याजदर २० टक्के केला, निर्यातदारांना ८० टक्के परकीय चलन विकण्याची सक्ती केली आणि तेल-वायूच्या उत्पन्नावर तग धरला. आधी ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानचे न्यूयॉर्कमधले सुमारे ७ अब्ज डॉलर असेच अडले. तिथे तेलाचं उत्पन्न नव्हतं, आणि बँकांतून स्वतःचेच पैसे काढणं सामान्य माणसाला दुरापास्त झालं.

१३. तातडीची मदत कुठून मिळते?

सर्वांत जलद म्हणजे मध्यवर्ती बँकांमधली स्वॅप सोय. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हची अशी कायमची सोय पाचच बँकांशी आहे: कॅनडा, इंग्लंड, जपान, स्वित्झर्लंड आणि युरोपीय मध्यवर्ती बँक. मार्च २०२० मध्ये आणखी नऊ बँकांना ती तात्पुरती मिळाली. बाकीच्यांना ती मागितली म्हणून मिळत नाही. आग्नेय आशिया, चीन, जपान आणि कोरियाचा २४० अब्ज डॉलरचा चियांग माई निधी आहे. नाणेनिधीचं कर्ज मिळतं, पण वाटाघाटींना वेळ लागतो आणि अटी असतात.

देश स्वतःही डॉलर गोळा करू शकतो. २०१३ मध्ये अमेरिका रोखेखरेदी कमी करणार या नुसत्या संकेताने रुपया कोसळला. रिझर्व्ह बँकेने आधी तेल कंपन्यांना बाजाराबाहेर थेट डॉलर दिले, म्हणजे रोजची मोठी मागणी बाजारातून हटली. मग अनिवासी भारतीयांच्या ठेवींवर बँकांना सवलतीचा स्वॅप देऊन सुमारे २६ अब्ज डॉलर आणले. पण ती तीन वर्षांची उसनवारी होती. २०१६ च्या शरद ऋतूत त्या ठेवी परत जाणार हे तारखेनिशी माहीत होतं, म्हणून बँकेने आधीच फॉरवर्ड बाजारात डॉलर घेऊन ठेवले आणि परतफेड गाजावाजाशिवाय पार पडली. उसने डॉलर साठ्यात मोजताना परतफेडीची तारीखही सोबत लिहावी, ती अशी.

१४. चलन तरतं ठेवलं तर साठा लागतोच कशाला?

तत्त्वतः दर पडू दिला की साठा वाचतो. पण कंपन्यांनी डॉलरमध्ये कर्ज घेतलेलं असेल तर दर पडताच त्यांचं देणं फुगतं, आणि दिवाळखोरी टाळायला त्या आणखी डॉलर मागतात. शिवाय तरत्या चलनाचे देशही एखाद्या वेड्या दिवशी उतरतातच. जपानने सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये येन सावरायला ९ लाख कोटी येनहून अधिक रकमेचे डॉलर विकले. येन खरेदीसाठीचा तो १९९८ नंतरचा पहिलाच हस्तक्षेप होता.

१५. जास्त डॉलर येण्याचाही ताण असतो का?

असतो, फक्त त्यात साठा संपत नाही. स्वित्झर्लंडने सप्टेंबर २०११ मध्ये एका युरोला किमान १.२० फ्रँक अशी मर्यादा बांधली आणि ती राखायला परकीय चलन घेत राहिला. स्वतःचं चलन हवं तेवढं छापता येत असल्याने इथे दारूगोळा संपण्याचा प्रश्न नव्हता. तरीही १५ जानेवारी २०१५ ला ही मर्यादा सोडली आणि फ्रँक काही मिनिटांत उसळला. मोठ्या साठ्याची किंमत पुढेही चुकवावी लागली: २०२२ मध्ये बाजार पडले तेव्हा तिथल्या मध्यवर्ती बँकेला सुमारे १३२ अब्ज फ्रँकचा तोटा झाला.

१६. आमच्या देशाचं चलनच डॉलर असेल, तर हा ताण लागू होतो का?

होतो, पण वेगळ्या रूपात. इक्वेडोरने २००० मध्ये डॉलर स्वीकारला. तिथे चलन पडण्याची भीती नाही, त्यामुळे प्रश्न ४ मधल्या आयातदाराला घाई करायचं कारण नाही. पण तिथली मध्यवर्ती बँक डॉलर छापू शकत नाही. बँकांतून ठेवीदार निघाले तर त्यांना द्यायला साठ्यात आहे तेवढंच. म्हणून अशा देशात विनिमय दर पाहून काही कळत नाही. तिथे साठा आणि बँकांनी मध्यवर्ती बँकेत ठेवलेल्या ठेवी हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचायचे.